जनरेटर चालू, गाडी बंद

१

गाडी सापडली तेव्हा तिचा जनरेटर चालू होता, आणि तिथेच सगळ्यांची मती गुंग झाली.

घाटाच्या सातव्या वळणावर, दुपारी अडीचच्या सुमाराला, रस्त्याच्या डागडुजीवरचा मुकादम सायकल ढकलत वर येत होता. समोर फिरत्या दवाखान्याची पांढरी व्हॅन डोंगराच्या अंगाला पाठ टेकून तिरकी उभी होती. मागचं दार चेपलं होतं. लसींचा फ्रिज आडवा होऊन बाटल्या खडीत पसरल्या होत्या. रस्त्याकडेच्या दगडावर ड्रायव्हर बसला होता आणि सिस्टर त्याच्या कपाळाला पट्टी बांधत होती.

मुकादमाने वाकून ऐकलं. गाडीच्या पोटातून एकसारखी घरघर येत होती.

"इंजिन तर चालू आहे की. मग पुढे का जात नाही?"

"तेच तर कळत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "गॅस आहे, जनरेटर आहे, आणि गाडी मेल्यासारखी. एकदम पाय गळाले तिचे. मागे घसरायला लागली, ब्रेक पुरेना, तेव्हा शेपूट डोंगरात घातलं. दुसऱ्या बाजूला दरी होती."

मुकादमाने दरीकडे पाहिलं आणि सायकल डोंगराच्या बाजूला टेकवली. सिस्टर पट्टीची गाठ मारत राहिली.

ही गाडी मुळात नुसती विजेवर चालायची. एकदा बॅटरी भरली की पायथ्याच्या गावापर्यंत यायची. तिथल्या शाळेत चार तास चार्जिंगला लावली की कशीबशी परत जायची. घाटावरच्या गावाला दवाखाना कधी पोहोचलाच नव्हता. दोन महिन्यांपूर्वी एका छोट्या वर्कशॉपने तिच्या पोटात गॅसवर चालणारा जनरेटर बसवला, आणि त्यानंतर गाडी सहा वेळा वर जाऊन सुखरूप परत आली होती.

सातव्या वेळी मात्र ती तशीच अडली.

२

विमा कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेयरबाई तिसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपच्या फाटकात रिक्षातून उतरल्या. वय सत्तावन्न, गुडघे त्याहून म्हातारे, हातात पत्र्याच्या झाकणाची फाइल. नोकरीची तेहेतीस वर्षं त्यांनी चेपलेले पत्रे पाहण्यात घालवली होती. पत्रा खोटं बोलत नाही, माणसं बोलतात, आणि तीही बहुतेक वेळा भीतीपोटी, असं त्यांचं मत झालं होतं.

"माझ्या फॉर्मवर तीन चौकटी आहेत," त्या इंजिनीअरला म्हणाल्या. "यांत्रिक बिघाड, चालकाचा निष्काळजीपणा किंवा घातपात. एकीवर खूण करायची."

जनरेटर बनवून बसवणारी ही इंजिनीअर चौतीस वर्षांची होती. ओढणी कमरेला खोचलेली, नखांत ग्रीस.

"बिघाड लिहिलात तर दवाखाना जनरेटर काढून टाकेल. शुक्रवारी त्यांची बैठक आहे. निष्काळजीपणा लिहिलात तर मामांची नोकरी जाईल, घरी तर बसवलंच आहे त्यांना." ड्रायव्हरला सगळे मामाच म्हणत.

"मग तुम्हाला काय लिहायला हवंय?"

"खरं काय ते."

"हे उत्तर मला फार कमी लोक देतात. आता सावकाश समजवा. मी गाड्या मोडलेल्या पाहते, चालणाऱ्या नाही."

इंजिनीअरने त्यांना गाडीखाली वाकायला लावलं नाही. तिने ओट्यावरची बादली नळाखाली ठेवली.

"ही बादली म्हणजे बॅटरी. गाडीची चाकं फक्त याच पाण्यावर फिरतात. जनरेटर म्हणजे हा नळ. तो चाकाला हात लावत नाही, नुसती बादली भरत राहतो. सपाटीवर बादलीतून जितकं जातं, जवळजवळ तितकं नळ भरतो. चढावर मात्र तिप्पट जातं. म्हणून घाट यायच्या आत बादली भरलेली हवी. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर आली की जनरेटर आपोआप सुरू व्हावा असं मी लावून ठेवलंय."

"आणि उशिरा सुरू झाला तर?"

"तर बादली चढावर रिकामी होणार. नळ सोडलेला असला तरी."

बोलता बोलता ती थांबली. दोघी अंगणात ओढून आणलेल्या मोडक्या गाडीकडे गेल्या. स्टिअरिंगखालचं छोटं झाकण उघडलं. आत एक छोटा डिजिटल पडदा होता आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली होती: 'चिमणी'.

"हे काय?"

"माझ्यासाठीच. सेटिंग बदलायला चार आकडे लागतात, आणि मी विसरते. माझी मुलगी, चिमणी. तिच्या वाढदिवसाची तारीख आणि महिना." तिने आकडे दाबले.

पडद्यावर ओळ उमटली. जनरेटर सुरू होण्याची पातळी: पंधरा टक्के. शेवटचा बदल: अपघाताच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच बेचाळीस.

इंजिनीअर ओळीकडे बघतच राहिली. "मी हात लावला नव्हता. मी त्या वेळी चिमणीला आणायला तिच्या मैत्रिणीकडे गेले होते."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"फेरीच्या आदल्या दिवशी गाडी तपासणीला इथेच असते. मामा ती धूत होते. सिस्टर औषधांचे डबे भरत होत्या. आणि दादा, माझा भाऊ."

"यांतल्या किती जणांना चिमणीचा वाढदिवस ठाऊक आहे?"

इंजिनीअरने झाकण हळूच लावलं. "दादाला," ती म्हणाली. "त्यानेच तर तिचं नाव ठेवलंय."

३

दादा वर्कशॉपचा कारभार बघत असे. पंख्याखाली बसूनही त्याला घाम येत होता.

"मॅडम, सगळ्यांचं गाऱ्हाणं माझ्याच टेबलावर. एकाला सीट टोचते, एकीला आवाज होतो, दवाखान्याला बिल दोन प्रतींत हवं. छोटीला, म्हणजे माझ्या बहिणीला, मी त्यातलं काही कळू देत नाही. तिने फक्त डोकं चालवावं."

"पाच बेचाळीसला तुम्ही कुठे होतात?"

"गाडीच्या केबिनमध्ये. कागद ठेवायला गेलो होतो. पाच मिनिटांचं काम."

"आणि झाकण?"

"त्या झाकणाला मी हात लावत नाही. मागे एकदा लावला होता तर छोटी दोन दिवस बोलली नव्हती."

सर्व्हेयरबाईंनी चष्मा पुसला. त्यांची नजर मघापासून टेबलावरच्या काचेखाली गेली होती. तिथे एका मोठ्या बॅटरी कंपनीचं पत्र अर्धवट सरकवलेलं होतं.

"हे पत्र कसलं?"

दादाने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. पत्रात लिहिलं होतं की भेटीत ठरल्याप्रमाणे आपण जनरेटरचा नाद सोडून आमच्या मोठ्या बॅटऱ्या बसवणार असाल, तर आम्ही भागीदारीला तयार आहोत.

"मी फक्त भेटलो," दादा हलक्या आवाजात म्हणाला. "होकार दिलेला नाही. या वर्कशॉपमध्ये माणसं मोजकी, काम डोंगराएवढं. हा जनरेटर फसला असता तर छोटीचं काय झालं असतं? मला एक पडवी हवी होती, पाऊस आलाच तर उभं राहायला."

"तिला सांगितलंत?"

"नाही. तुम्हीही सांगू नका."

मागे दाराची कडी वाजली. इंजिनीअर उंबऱ्यात उभी होती. तिने पत्राकडे पाहिलं, मग भावाकडे.

"पंधरा टक्के तू केलंस, दादा?"

तो उत्तर देण्याआधीच ती निघून गेली. तिची चप्पल एका पायातून निसटून तिथेच राहिली.

४

मामांचं घर दोन खोल्यांचं होतं. मामी शेंगा सोलत बसल्या होत्या. मामा खाटेवर, कपाळावर पट्टी.

"लिहून टाका," सर्व्हेयरबाई बसायच्या आत ते म्हणाले. "चूक माझी. निष्काळजीपणा. सही कुठे करू?"

"सहीला घाई नाही. त्या दिवशी दात घासल्यापासून सांगा."

मामांनी सांगितलं. पहिला थांबा, दुसरा थांबा, पायथ्याची शाळा. तिन्ही ठिकाणी पेशंट तपासून झाले. घाट लागला. पहिल्या वळणावर जनरेटर घरघरला.

"म्हणजे तोवर तो बंद होता. सहा वेळा निघाल्यावर अर्ध्या तासात लागायचा, या वेळी घाटापर्यंत लागला नाही. शंका आली नाही?"

"आली ना. पण म्हटलं, बॅटरी उतरली की लागेलच. आणि लागला की गाडी ओढून नेईल. मोटारसायकलला रिझर्व्ह असतो तसं."

"जनरेटर गाडी ओढतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मामा गोंधळले. "सांगायला कशाला हवं? इंजिन आहे म्हटल्यावर ओढणारच."

सर्व्हेयरबाईंनी फाइलमध्ये काहीतरी टिपलं. "आदल्या संध्याकाळी तुम्ही गाडी धूत होतात. केबिनमध्ये कोण कोण चढलं?"

"दादा चढले, कागद ठेवून उतरले."

"आणखी?"

"आणखी कोण कशाला? मला दिसलं नाही. डोळ्यात साबण गेला होता."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही."

मामींच्या हातातली शेंग थांबली. "अहो, तुम्ही गाडी साबणाने कधी धुतलीत? रंग जातो म्हणून फडका तेवढा फिरवता."

मामा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "डोकं दुखतंय," ते म्हणाले.

दारात चपला घालताना सर्व्हेयरबाईंनी मामींना विचारलं, "हा माणूस कोणासाठी खोटं बोलेल?"

मामींनी विचार केला. "गेल्या वर्षी माझी साखर वाढली तेव्हा रोज संध्याकाळी घरी येऊन इंजेक्शन देणारं एकच माणूस होतं," त्या म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तोंडावर हात ठेवला.

५

सिस्टर दवाखान्याच्या नोंदणीखोलीत होती. पन्नाशीची, कडक इस्त्रीची, बोलणं तुटक.

"तुम्ही औषधं भरत होतात तेव्हा केबिनमध्ये कोणी गेलं?"

"दादा गेले होते."

"त्यांच्यावरच संशय आहे. आकडे त्यांनाच ठाऊक."

सिस्टरने मान खाली घातली. सर्व्हेयरबाईंनी विषय बदलला. भिंतीला लावलेल्या जाड वह्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "एवढ्या मुलांच्या लसी तुम्ही लक्षात कशा ठेवता?"

"वही बघावी लागत नाही. समोरच्या गल्लीतली जुळी एक मार्चची. चहावाल्याचा धाकटा बावीस जूनचा. इंजिनीअरबाईंची चिमणी नऊ ऑगस्टची, तिची पाच वर्षांची लस..." ती थबकली.

सर्व्हेयरबाईंनी ऐकलंच नाही असं दाखवलं. "मला गाडीतल्या तपासणीची कार्डं बघायची आहेत. सातही फेऱ्यांची."

सिस्टरने गठ्ठा समोर ठेवला. पुढचा तासभर खोलीत फक्त कागद उलटल्याचा आवाज होता. मग सर्व्हेयरबाईंनी कार्डांचे दोन ढीग केले. मोठ्या ढिगातल्या कार्डांवर वजन, ताप, नाडी सगळं व्यवस्थित भरलं होतं, मात्र 'छाती' या रकान्यात बहुतेक ठिकाणी एक आडवी रेघ होती. छोट्या ढिगात, सातव्या फेरीच्या कार्डांवर, तोच रकाना बारीक अक्षरांनी गच्च भरला होता. एका कार्डावर, साडेतीन वर्षांच्या मुलीच्या, लाल शाईत लिहिलं होतं: ठोक्यात जास्तीचा आवाज, ताबडतोब मोठ्या डॉक्टरांकडे.

"ही मुलगी आधीही दोनदा आली होती. तेव्हा रेघ आहे. त्या दिवशीच तुम्हाला तो आवाज कसा ऐकू आला, सिस्टर?"

सिस्टर खुर्चीत बसली. कडक इस्त्री एकदम चुरगळल्यासारखी वाटली.

"उद्या सकाळी वर्कशॉपमध्ये या," सर्व्हेयरबाई म्हणाल्या. "मामांनाही आणा. ते तुमच्यासाठी नोकरी सोडायला निघालेत."

६

गुरुवारी सकाळी पाचही जण मोडक्या गाडीजवळ जमले. बहीण-भाऊ दोन टोकांना उभे होते.

"मी आधी दादांबद्दल बोलते," सर्व्हेयरबाई एका टायरवर बसत म्हणाल्या. "ज्याला जनरेटर बदनाम करायचा आहे तो आकडा शून्य करेल, नाहीतर एखादी तार उपटेल. इथे पंधरा केलंय. म्हणजे ज्याने केलं त्याला जनरेटर बंद पाडायचा नव्हता, फक्त उशिरा सुरू व्हायला हवा होता. आता पंधराच का? पूर्वी जनरेटर नव्हता तेव्हा ही गाडी पायथ्याच्या शाळेत पोहोचायची. तेव्हा बॅटरी किती उरायची, मामा?"

"वीस टक्के," मामा म्हणाले आणि ओठ चावला.

"वीस. पंधरावर लावलं की तिन्ही थांबे होईपर्यंत जनरेटर गप्प, आणि घाट लागला की सुरू. हा हिशोब वर्षानुवर्षं गाडीत बसलेल्या माणसालाच जमेल. दादा, तुम्ही या गाडीतून कधी गेलात?"

"मला घाट लागतो," दादा म्हणाला. "उलट्या होतात."

"म्हणजे उरले दोघं. मामांना चिमणीचा वाढदिवस माहीत नाही. आणि थांब्यावर जनरेटर गप्प राहिल्याने मामांना काही फरकही पडत नाही. पडतो तो छातीला नळी लावून ऐकणाऱ्या माणसाला."

सिस्टर पुढे आली. कोणी तिला हाक मारायच्या आत तिने बोलायला सुरुवात केली.

"गाडी थांबली तरी तो खालून घरघरत राहतो. जमिनीतून पायात, पायातून कानात. लहान मुलांच्या छातीत मला जनरेटरच ऐकू यायचा. दादांना मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, बघू."

दादाने डोक्याला हात लावला. "आवाज होतो म्हणाला होतात. मला वाटलं, बसायला त्रास होतो म्हणताय."

"चिठ्ठीवर चिमणी लिहिलेलं दिसलं. आकडे मला पाठ होते. वाटलं, थांब्यांपुरता गप्प बसवू, वर जाताना लागेलच. लागला की ओढेल." तिने मामांकडे पाहिलं. "मामांनी मला चढताना पाहिलं होतं. मी त्यांना दरीच्या काठापर्यंत नेलं, आणि ते म्हणत राहिले, तुम्ही गप्प बसा, तुमची गरज जास्त आहे. तीन दिवस मी गप्प बसले. त्याची मला लाज वाटते."

इंजिनीअर खाली बसली, थेट फरशीवर.

"बादलीचं उदाहरण मी सर्व्हेयरबाईंना दिलं," ती म्हणाली. "दोन महिन्यांत ते या दोघांना द्यावं असं मला एकदाही सुचलं नाही. मला वाटलं, गाडी माझी मला कळली म्हणजे झालं. सिस्टर, तुम्ही येऊन ओरडला असतात तरी चाललं असतं."

"दादा म्हणाले, तुमचं डोकं कामात असतं."

इंजिनीअरने भावाकडे पाहिलं. तो तिच्या शेजारी येऊन बसला. पँटला ग्रीस लागलं, त्याचं त्याला भान नव्हतं.

"पत्राचं मी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो. आणि मी तुला त्या पत्रावरून चोर ठरवायला नको होतं." तिने बाजूला पडलेला खडूचा तुकडा उचलला. "थांब्यावर जनरेटर नुसता बंद ठेवायचा तर सोपं आहे. पेशंटचं दार उघडलं की जनरेटर बंद, दार लागलं की चालू. दारावर एक बटण बसवायचं. थांब्यावरचा वेळ गेला, मग भरायला वेळ कमी पडेल. पण फाटकातून बाहेर पडल्यापडल्या सुरू केला तर..." ती खडूने फरशीवर आकडे लिहू लागली. "घाटाखाली सत्तर टक्के राहतील. पुरतंय. दादा, रबराच्या गाद्या कुठे मिळतात? जनरेटरखाली बसवायला."

"संध्याकाळपर्यंत आणतो," दादा म्हणाला आणि उठलाही.

सर्व्हेयरबाईंनी फॉर्म मांडीवर घेतला. तिन्ही चौकटी कोऱ्या ठेवून खालच्या ओळीवर त्यांनी लिहिलं: गाडी वापरणाऱ्यांना यंत्र समजावून सांगितलं नव्हतं, आणि यंत्र करणाऱ्याला त्यांचं काम समजलं नव्हतं. चालकाने प्रसंगावधान राखून दोन जीव वाचवले. भरपाई द्यावी.

"हे कंपनीला चालेल?" मामांनी विचारलं.

"फॉर्म परत आला तर मी पुन्हा असाच लिहीन," त्या म्हणाल्या.

७

शुक्रवारच्या बैठकीला सिस्टर स्वतः गेली आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. तिला लेखी ताकीद मिळाली. मामांना कामावर परत घेतलं. त्या साडेतीन वर्षांच्या मुलीची कार्डं टेबलावरून हातोहात फिरली. तिच्या हृदयातलं छिद्र वेळेत सापडलं होतं, शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. दवाखान्याने जनरेटर ठेवायचं ठरवलं, पण एका अटीवर. पुढच्या फेरीला इंजिनीअरने गाडीत बसावं.

तीन आठवड्यांनी नवीन दार बसवलेली व्हॅन निघाली. मामा, सिस्टर, इंजिनीअर, आणि हट्टाने आलेल्या सर्व्हेयरबाई. पहिल्या थांब्यावर दार उघडलं तशी घरघर बंद झाली. सिस्टरने एका बाळाच्या छातीला नळी लावली आणि डोळे मिटले. इंजिनीअर आयुष्यात पहिल्यांदा ते बघत होती. तिने श्वाससुद्धा हळू घेतला.

घाट चढताना मामा दर वळणाला आकडा मोठ्याने वाचत होते. एकसष्ट. बावन्न. सातव्या वळणावर त्रेचाळीस. घाटमाथ्यावर छत्तीस उरले होते.

गावातले पेशंट चार वाजता संपले. सिस्टर डबे आवरत असताना एक बाई घाईघाईने आली. कडेवर मूल, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"उशीर झाला का? आम्ही पलीकडच्या वस्तीवरून आलो. चालत. याला घेऊन आले, पण सासऱ्यांना आणता आलं नाही. त्यांना धाप लागते."

सिस्टरने मुलाला तपासलं. मग विचारलं, "वस्ती किती लांब?"

"अकरा किलोमीटर. रस्ता आहे, पण तिकडे कोणी येत नाही."

मामांनी आकड्याकडे पाहिलं. थांबलेल्या गाडीत तो छत्तीसवरच होता. मग त्यांनी गॅसचा काटा बघितला, अर्ध्याच्या वर. ओठांची हालचाल करत त्यांनी काहीतरी जुळवलं आणि इंजिनीअरकडे वळले.

"रस्ता सपाट असेल तर नळ बादलीला पुरेल. येताना घाट उतारच आहे, तेव्हा चाकंच उलट बादली भरतील. बरोबर ना?"

"बरोबर," इंजिनीअर म्हणाली.

मामांनी मागचं दार धरून ठेवलं. बाई मुलाला घेऊन आत चढली, सर्व्हेयरबाईंनी सरकून जागा केली. दार लागलं, गाडीच्या पोटात जनरेटर जागा झाला, आणि मामांनी तोवर कधीच न पाहिलेल्या रस्त्याकडे गाडी वळवली.